आपल्या धंद्याच्या नावाचं डोमेन दुसऱ्याने घेतलंय? लवादाकडे जायचं कसं आणि जायच्या आधी काय बघायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. नाव माझं म्हणजे डोमेनही माझंच, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. डोमेन जो आधी बुक करतो त्याला मिळतं आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचं तर तुम्हाला दाखवावं लागतं की त्याने ते वाईट हेतूने घेतलं, त्याचा त्या नावाशी काही संबंध नव्हता आणि तुमचं नाव त्याच्या आधीपासून लोकांना माहीत होतं. म्हणजे ही सगळी लढाई तारखांची आणि कागदांची. गोव्यातले आपले छोटे धंदेवाले, म्हणजे होमस्टे, काजूची दुकानं, बाईक भाड्याने देणारे, खानावळी, कॅटरर, हे लोक वीस वीस वर्षं एकाच नावाने धंदा करतात आणि एक कागद जपून ठेवत नाहीत, मग ऐन सीझनला कळतं की आपल्या नावाची साइट उघडली की भलत्याच कोणाचं बुकिंगचं पान येतंय, आणि तेव्हा हातात दाखवायला काही नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, डोमेन नक्की गेलं कसं ते शोधा. आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था, तिच्या साइटवर डोमेन लुकअप आहे, तिथे नाव टाकलं की बुकिंगची तारीख, संपायची तारीख आणि रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, कोण हे दिसतं, डॉट इन असेल तर तसाच लुकअप रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या डॉट इन नावांची नोंद ठेवणाऱ्यांच्या, साइटवर मिळतो. मालकाचं नाव बहुतेक वेळा दिसणार नाही, 2018 मध्ये युरोपचा प्रायव्हसीचा कायदा आल्यापासून ते झाकलेलंच असतं, त्याने घाबरू नका, केस दाखल झाल्यावर रजिस्ट्रार ते नाव लवादवाल्यांना कळवतो आणि मग तुम्हाला अर्जात दुरुस्ती करून घालता येतं. आता जे दिसतंय त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. साइटवर काय चाललंय त्याचाही काढा, आणि वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटांची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, जाऊन त्या साइटची जुनी पानं बघा, तिथे कधीकधी सोनं सापडतं, म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्या पानावर 'हे डोमेन विकणे आहे' असा बोर्ड लावलेला असतो आणि आता तो माणूस म्हणतो मी खरा धंदा करतोय.

कधीकधी भांडण नसतंच, नुसतं रिन्यू करायचं राहिलेलं असतं. डॉट कॉमची मुदत संपली तरी ते लगेच बाजारात जात नाही, साधारण 45 दिवसांपर्यंत रजिस्ट्रारच्या ताब्यात राहू शकतं, ते डिलीट केलं तर पुढे 30 दिवस जास्त पैसे भरून सोडवून घेता येतं आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. फक्त त्या 45 दिवसांच्या भरवशावर राहू नका, प्रत्येक रजिस्ट्रारची पद्धत वेगळी आणि काहीजण मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत नाव लिलावाला काढतात. तर त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन करा, वकील नंतर.

दुसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त. साइट बनवून देणाऱ्या पोराने किंवा नात्यातल्याच कोणीतरी डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, पैसे तुम्ही दिलेले असतात, मग बिलावरून किंवा घरातल्या वाटणीवरून बिनसतं आणि तो पासवर्ड देत नाही. याच्यात जपून. लवाद बसवलेला आहे तो उघड उघड नाव बळकावणाऱ्यांसाठी. दोन भागीदारांचा किंवा कराराचा गुंता असेल तर पॅनेल, म्हणजे निकाल द्यायला नेमलेली एक किंवा तीन माणसं, बऱ्याचदा सरळ सांगतं की हा आमचा विषय नाही, कोर्टात जा. पण तुमच्याकडे असं काही असेल की 'आमच्यासाठी अमुक डोमेन बुक कर' असा मेसेज, त्याचं पेमेंट, त्याने दिलेलं बिल ज्यात डोमेनची लाइन आहे, तर मात्र चित्र बदलतं, कारण मग तो तुमच्या वतीने बुक करत होता हे दिसतं आणि ते नाव ओलीस धरणं वाईट हेतूत बसवता येतं. तेव्हा जुने व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. आणि या प्रकारात लवादाआधी एकदा समोरासमोर बसून बोलायचा प्रयत्न कराच, गाव छोटा आहे, मध्यस्थी करणारं कोणीतरी दोघांच्या ओळखीचं निघतंच.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखरच अनोळखी माणसाने किंवा स्पर्धकाने तुमचं नाव उचललंय. पुढचं सगळं मुख्यतः यासाठी.

आता शेपटी बघा, म्हणजे डॉट कॉम आहे की डॉट इन. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि ती नवीन डॉट शॉपसारखी नावं यांना आयकॅनची यूडीआरपी नावाची पॉलिसी लागते, ती 1999 पासून आहे. डॉट इन आणि डॉट भारत यांना निक्सीची, म्हणजे डॉट इनची रजिस्ट्री चालवणाऱ्या संस्थेची, आयएनडीआरपी लागते, ती 2005 ची. दिसायला दोन्ही सारख्या पण आतून फरक आहे आणि तो फरक तुमच्या खिशाला आणि निकालाला दोन्हीला लागतो. यूडीआरपीला लोक आर्बिट्रेशन म्हणतात खरं, पण ती प्रत्यक्षात एक प्रशासकीय प्रक्रिया आहे, आपल्या लवाद कायद्यातला निवाडा नव्हे, रजिस्ट्रारने डोमेन विकताना करारात ती अट घातलेली असते म्हणून ती चालते. आयएनडीआरपी मात्र खरोखर आपल्या 1996 च्या आर्बिट्रेशन अँड कन्सिलिएशन अ‍ॅक्टखाली चालते.

दोन्हीकडे तीन गोष्टी सिद्ध करायच्या आणि तिन्ही लागतात, दोन झाल्या आणि एक राहिली तर केस पडते.

पहिली, ते डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ होण्याइतकं जवळचं आहे. हे सहसा सोपं जातं. आपल्याकडे रोमन स्पेलिंगचा घोळ तर कायमचा, पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं एक आणि मराठी वळणाने लिहिलेलं दुसरं, मांडोवी आणि मांडवी दोन्ही चालतात, त्यामुळे समोरच्याने एक अक्षर बदललं म्हणून तो सुटत नाही. नावापुढे 'गोवा' किंवा 'ऑनलाइन' किंवा 'बुकिंग' जोडलं तरी सुटत नाही. आपल्याच मुंबई हायकोर्टाने 1999 मध्ये रेडिफ विरुद्ध रॅडिफ प्रकरणात एका अक्षराचा फरक चालवून घेतला नव्हता, आणि 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये, सिफी आणि सिफीनेटचं भांडण ते, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. वकिलाला ही दोन नावं सांगा, त्याला कळेल.

पण इथे एक गोव्याचीच अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आपल्याकडे अर्ध्या धंद्यांची नावं देवाची, शांतादुर्गा, मंगेश, महालसा, नाहीतर गावाची. समजा फोंड्यात तुमचं शांतादुर्गा नावाचं फर्निचरचं दुकान आहे आणि डिचोलीच्या माणसाने त्या नावाचं डॉट कॉम घेऊन आपल्या कॅटरिंगची साइट टाकली, तर तुम्ही कितीही जुने असा, त्याच्याकडेही ते नाव वापरायचं सच्चं कारण आहे, त्याची कुलदेवता तीच. तिथे केस करून पैसे घालवू नका. तसंच 'कळंगुट बीच होमस्टे' यासारखं नाव, हे वर्णन आहे, कोणीही वापरू शकतो, आणि ते फक्त तुमचंच म्हणून लोक ओळखतात हे दाखवायला डोंगराएवढा पुरावा लागतो. जितकं नाव वेगळं आणि घडवलेलं तितकी केस मजबूत.

गावाच्या नावाबद्दल अजून एक. बार्सिलोना शहराच्या नावाचं डॉट कॉम 2000 मध्ये वायपोच्या, म्हणजे यूडीआरपीच्या केसेस चालवणाऱ्या एका संस्थेच्या, पॅनेलने नगरपालिकेला दिलं होतं, आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने ते उलटवलं. त्यामुळे पंचायतीला किंवा देवस्थान समितीला कोणी सांगत असेल की गावाचं नाव तुमचंच आहे, केस टाका, जिंकणारच, तर शांतपणे विचार करा. फेणीचंही तेच, काजू फेणीला 2009 पासून जीआय, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून भौगोलिक मानांकन, आहे, पण यूडीआरपी ट्रेडमार्कवर चालते, नुसत्या जीआयवर नाही, तेव्हा तुमच्या ब्रँडचं स्वतःचं नाव रजिस्टर असणं वेगळं आणि फेणीचा जीआय असणं वेगळं.

दुसरी गोष्ट, समोरच्याला त्या नावावर काही हक्क किंवा सच्चं कारण नाही. ही नकारात्मक गोष्ट आहे म्हणून पूर्ण सिद्ध करायची सक्ती नसते, तुम्ही प्राथमिक चित्र उभं केलं की मग उत्तर द्यायची पाळी त्याची. त्याचं आडनाव ते नाही, त्या नावाने त्याला कोणी ओळखत नाही, आपण त्याला परवानगी दिली नाही, साइटवर धंदा नाही नुसत्या जाहिराती आहेत, एवढं नीट मांडा. एक अपवाद लक्षात ठेवा, तुमचा डीलर किंवा एजंट खरंच तुमचाच माल विकत असेल, दुसऱ्याचा नाही, आणि साइटवर स्पष्ट लिहीत असेल की मी फक्त विक्रेता, तर तो वाचू शकतो.

तिसरी गोष्ट वाईट हेतू, खरी केस इथे जिंकते नाहीतर हरते. यूडीआरपीत त्याने डोमेन वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरतोय, दोन्ही दाखवावं लागतं. डॉट इनमध्ये घेतलं किंवा वापरतोय, एक पुरतं. हा 'किंवा' फार मोठा आहे. समजा त्याने 2012 मध्ये डॉट कॉम घेतलं आणि तुमचा धंदा 2016 मध्ये सुरू झाला, तर घेताना तुम्ही अस्तित्वातच नव्हता मग वाईट हेतू कुठून येणार, पॅनेल बहुधा तिथेच केस बंद करेल, मग तो आज काहीही करत असो. डॉट इन असेल तर आजच्या वापरावर बोलता येतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, सगळ्या तारखा एका कागदावर उभ्या लिहून काढा, तुमचं दुकान कधी उघडलं, ट्रेडमार्क कधी, डोमेन कधी, त्याची साइट कधी सुरू झाली. तो कागद बघितला की निम्मा निकाल आपल्यालाच कळतो.

वाईट हेतूच्या खुणा पॉलिसीतच दिल्यात: खर्चापेक्षा जास्त किमतीला तुम्हालाच किंवा स्पर्धकाला विकायला घेणं, तुम्हाला ते नाव मिळू नये म्हणून अडवणं आणि असं अनेकांचं करत राहणं, स्पर्धकाचा धंदा बिघडवणं, आणि लोकांचा गोंधळ करून त्यांना आपल्या साइटवर खेचणं. यूडीआरपीची सगळ्यात पहिली केस जानेवारी 2000 मध्ये निकाली निघाली, कुस्तीवाल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनची, त्यात त्या माणसाने डोमेन घेतल्यावर काही दिवसांतच हजार डॉलरला कंपनीलाच विकायला काढलं होतं आणि त्याच मुद्द्यावर तो हरला. आणि साइट रिकामी ठेवली म्हणजे वापर नाही, असंही नाही. त्याच वर्षीच्या टेलस्ट्रा केसपासून पॅनेल मानत आलंय की नाव प्रसिद्ध असेल आणि धरून ठेवायला दुसरं पटण्यासारखं कारण नसेल तर नुसतं धरून बसणंही वाईट हेतूत येऊ शकतं.

ट्रेडमार्क नसेल तर? मग बिन-रजिस्टर नावावर केस होते पण कष्ट दुप्पट. जीएसटीचे कागद, ट्रेड लायसन्स, होमस्टे असेल तर टुरिझम खात्याचं रजिस्ट्रेशन, जुनी बिलं, मराठी-कोंकणी-इंग्रजी पेपरांतल्या जाहिराती, जत्रेच्या स्मरणिकेत छापलेली जाहिरात सुद्धा, फोटोतला दुकानाचा बोर्ड, गूगलवरचे जुने रिव्ह्यू, जाहिरातीवर केलेला खर्च, हे सगळं वर्षाप्रमाणे लावा. स्मरणिकेला लोक हसतात पण तिच्यावर वर्ष छापलेलं असतं आणि तेच आपल्याला हवंय. ट्रेडमार्कचा अर्ज नुसता टाकून ठेवला असेल तर तेवढ्याने हक्क तयार होत नाही, रजिस्ट्रेशन हातात असलं तर गोष्ट वेगळी. गोव्याचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसकडे जातात, ऑनलाइन होतात, एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा छोट्या उद्योगाला एका क्लासला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका वर्गाला, 4,500 रुपये फी, बाकीच्यांना 9,000, आणि मिळालं की 10 वर्षं चालतं. हॉटेल-खानावळीसाठी क्लास 43. भांडण नसतानाच हे करून टाका, नंतरच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आता कळकळीने एक विनंती. समोरच्याला रागात मेसेज करू नका आणि 'किती पैसे घेणार' असं तर आधी अजिबात विचारू नका. तुम्ही किंमत विचारली आणि त्याने सांगितली तर तो उद्या म्हणणार की मी विकायला बसलो नव्हतो, यांनीच विचारलं. आधी लेखी, सभ्य, छोटी नोटीस पाठवा, आमचं नाव हे, अमुक सालापासून, तुमचं डोमेन गोंधळ करतंय, ट्रान्सफर करा, बुकिंगचा प्रत्यक्ष खर्च देऊ. त्याने उलट मोठा आकडा सांगितला तर तो ईमेल तुमचा पुरावा झाला.

अर्ज. यूडीआरपीसाठी आयकॅनने मान्यता दिलेल्या संस्था आहेत, त्यात जिनिव्हाची वायपो सगळ्यात जास्त ओळखीची. तिथे एक ते पाच डोमेनची केस आणि एक पॅनेलिस्ट असेल तर फी 1,500 डॉलर, तीन पॅनेलिस्ट असतील तर 4,000. ही फी तुम्ही भरायची, जिंकलात तरी परत मिळत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही, मिळतं ते फक्त डोमेनचं ट्रान्सफर किंवा रद्द करणं. सगळं ईमेलवर, जिनिव्हाला जायचं नाही, सुनावणी बहुतेक होतच नाही, कागदावर निकाल. तक्रार 5,000 शब्दांच्या आत लिहायची, भाषा रजिस्ट्रेशन कराराची, म्हणजे बहुतेक इंग्रजीच. साइटवर नमुना फॉर्म आहे, तो घ्या आणि तीन मुद्द्यांखाली तुमचे कागद नंबर टाकून लावा, 'परिशिष्ट 4 बघा' असं. शिव्या, भावना, किती मनस्ताप झाला हे लिहू नका, पॅनेलिस्टला त्याचा काही उपयोग नाही. अर्ज गेला की रजिस्ट्रार डोमेन लॉक करतो म्हणजे तो माणूस ते दुसऱ्याला देऊन पळू शकत नाही, मग त्याला उत्तराला 20 दिवस, पॅनेल नेमल्यावर 14 दिवसांत निर्णय अपेक्षित, एकूण साधारण दोन महिने धरा. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही आपोआप जिंकत नाही हं, तीन मुद्दे तेव्हाही सिद्ध करायचेच. मध्येच तडजोड होत असेल तर केस थोडे दिवस थांबवता येते आणि पॅनेल नेमायच्या आधी मिटली तर फीचा काही भाग परत येतो.

डॉट इनसाठी अर्ज निक्सीकडे, फी रुपयांत, ती त्यांच्या साइटवर बघूनच भरा. लवाद एकच असतो आणि तो रजिस्ट्री आपल्या यादीतून नेमते. निवाडा 60 दिवसांत अपेक्षित, फार तर 30 दिवस वाढवून. खर्च द्यायला लावायचा अधिकार लवादाला आहे, पण तो वसूल करून द्यायचं काम रजिस्ट्री करत नाही. कागद लावायची पद्धत वर सांगितली तीच.

कोर्टाचा रस्ता कधीही मोकळा असतो. नुकसानभरपाई पाहिजे असेल, किंवा समोरचा तुमच्या नावाने लोकांकडून बुकिंगचे पैसे उकळतोय आणि उद्याच्या उद्या थांबवायचाय, तर लवादाची दोन महिने वाट बघू नका, जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मागा, आणि फसवणूक असेल तर सायबर क्राइमची तक्रार 1930 वर लगेच.

आणि उलटं झालं तर, म्हणजे तुम्ही आपल्या आडनावाने किंवा खऱ्या धंद्याच्या नावाने डोमेन घेतलंय आणि कुठल्यातरी मोठ्या कंपनीची यूडीआरपी आली तर घाबरून सोडून देऊ नका आणि ईमेल स्पॅम समजून टाकूनही देऊ नका. उत्तराला 20 दिवस आहेत, मागितले तर 4 जास्त मिळतात, एका पॅनेलिस्टच्या केसमध्ये उत्तर द्यायला फी लागत नाही. वाद सुरू व्हायच्या आधीपासून तुम्ही खरा धंदा करत होता किंवा त्या नावाने तुम्हाला लोक ओळखतात, एवढं कागदाने दाखवलंत तर ती दुसरी अटच त्यांची पडते. अमेरिकेत उझी निसान नावाच्या गृहस्थांनी 1994 मध्ये आपल्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं होतं, निसान मोटरने 1999 मध्ये त्यांना कोर्टात खेचलं, भांडण वर्षानुवर्षं चाललं, पण डोमेन शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. आणि कंपनीने माहीत असून उगाच दामटून केस केली असेल तर पॅनेल निकालात तसं नोंदवतं, ते मागायला विसरू नका.

निकाल तुमच्या बाजूने लागला की यूडीआरपीत रजिस्ट्रार कामाचे 10 दिवस थांबतो, त्या काळात हरलेला माणूस कोर्टात गेला आणि तसे कागद त्याने दिले तर ट्रान्सफर अडकतं. डॉट इनचा निवाडा त्याच 1996 च्या कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात आव्हान देता येतो, मुदत तीन महिन्यांची. हे झालं की त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा, धंद्याच्या मालकाच्या नावावर, मालकाच्याच ईमेलवर, तो ईमेल त्या डोमेनवरचा नको, वेगळा ठेवा, नाहीतर डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद. ट्रान्सफर आलं की नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती सेटिंग, लगेच बदला आणि मेलची सेटिंग तपासा, कारण तोपर्यंत तुमच्या गिऱ्हाइकांचे ईमेल जुन्या माणसाच्या सर्व्हरवर जात असतात. टू-स्टेप लॉगिन चालू करा, ट्रान्सफर लॉक चालू करा, रिन्यूअल एकदम पाच वर्षांचं भरा, आणि मग जमलं तर डॉट इन आणि रोमनमधलं ते दुसरं स्पेलिंगही घेऊन टाका.